योगवर्ग आणि अर्जांचा गठ्ठा

आमच्या विद्यापीठात कर्मचारी स्वास्थ्य उपक्रमाचं परिपत्रक फिरलं, तेव्हा परीक्षा विभागात निकालांची धांदल होती. सकाळी योगवर्ग, अधूनमधून ताणतणावावर व्याख्यान, रक्तदाब आणि साखरेची तपासणी, शिवाय मोबाइलवर पावलं मोजायची स्पर्धा. हेतू लिहिला होता : कर्मचाऱ्यांची कार्यक्षमता वाढवणे.

मी योगवर्गाला नेमानं जाऊ लागले. तिथे भेटत ते आधीपासूनच धडधाकट असलेले लोक. पहाटे मैदानावर फेऱ्या मारणारे ग्रंथालयातले सहायक, क्रीडा विभागाची मंडळी, सायकलवर येणारे एक प्राध्यापक. ज्यांना खरी गरज, ते आमच्या विभागात मान खाली घालून पुनर्मूल्यांकनाचे अर्ज लावत बसलेले. डेटा एन्ट्रीची कंत्राटी मुलं तर परिपत्रकात धरलेलीच नव्हती.

मला फायदा झाला, हे नाकारणार नाही. पाठ दुखायची थांबली, झोप लागू लागली. तपासणीत आमच्या शिपाईमामांचा रक्तदाब भलताच वाढलेला निघाला आणि औषध वेळेत सुरू झालं. तेवढ्यासाठी तरी तपासणी हवीच. पण टेबलावरचं काम होतं तसंच राहिलं. रिक्त पदं भरलेली नाहीत, खिडकीवर विद्यार्थ्यांची रांग, त्यातच सर्व्हर बंद. प्राणायामानं अर्जांचा गठ्ठा कमी होत नाही.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन परिसरात 2016 साली अशा उपक्रमांचा खरंच उपयोग होतो का, हेच तपासायला घेतलं होतं. जवळपास 4,800 कर्मचाऱ्यांतून चिठ्ठ्या काढाव्यात तसे गट पाडले; काहींना ‘आयथ्राइव्ह’ हा उपक्रम खुला केला, काहींना नाही. भाग घेणाऱ्यांना पैसेही दिले. आरोग्य तपासणी करून घेणारे वाढले. पण उपचारांचा खर्च, आजारपणाच्या रजा, कामातली कामगिरी यांत म्हणावा असा फरक पडला नाही. स्वतःहून भाग घेणाऱ्यांचा उपचारांवरचा खर्च मुळातच कमी होता. त्यामुळे नुसते सहभागी आणि इतर यांची तुलना केली, तर श्रेय उगाच उपक्रमाला जातं. आमच्या योगवर्गात मला दिसलं ते हेच.

आमच्याकडे फरक पडला तो नव्या उपकुलसचिवांच्या एका साध्या आदेशानं. खिडकी फक्त सकाळच्या सत्रात उघडी, आणि तिथली पाळी सगळ्यांनी वाटून घ्यायची. दुपारी डबा वेळेवर खाता येऊ लागला, मग सलग बसून काम होऊ लागलं. गुणपत्रिकांतल्या चुकांच्या तक्रारीही घटल्या.

योगवर्ग जरूर चालू ठेवा, तपासणीत कंत्राटी मुलांनाही घ्या. मात्र कार्यक्षमता हवी असेल, तर आधी रिक्त पदं भरा आणि कामाची वाटणी नीट करा.