उजेडाची पेटी

टॅकोमा, जून 2019

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

सिअ‍ॅटलच्या दक्षिणेला टॅकोमा नावाचं शहर आहे. इथल्या 'म्युझियम ऑफ ग्लास'चा 90 फुटी तिरका पोलादी शंकू लांबूनच दिसतो. शंकूच्या पोटात भट्ट्या आहेत आणि समोर बसून काम पाहता येतं. पोकळ नळीच्या टोकावर काकवीसारखी ओघळणारी काच घेऊन कारागीर नळी सतत फिरवत असतात. हात थांबला की आकार लोंबलाच.

मी आले ती प्रेस्टन सिंगलटरी यांचं प्रदर्शन पाहायला. ते त्लिंगित आहेत. हा आग्नेय अलास्काच्या किनाऱ्यावरचा मूळनिवासी समाज. 1982 साली सिअ‍ॅटलमधल्या एका काच-कार्यशाळेत ते रात्रीचे राखणदार म्हणून लागले आणि पुढे तिथेच काच फुंकू लागले. प्रदर्शनाचं नाव 'डोमकावळा आणि उजेडाची पेटी'. वॉल्टर पोर्टर हे त्लिंगित कथाकार ही गोष्ट जशी सांगत, त्या कथनाचा याला आधार आहे.

गोष्ट अशी: जग अंधारात होतं. नास नदीच्या उगमाशी राहणाऱ्या एका म्हाताऱ्याने चांदण्या, चंद्र आणि दिवस पेट्यांत बंद करून ठेवले होते. डोमकावळा झाडाचं सुईसारखं इवलंसं पान होऊन म्हाताऱ्याच्या मुलीच्या पिण्याच्या पाण्यात पडला, तिने ते गिळलं आणि तो त्या घरात नातू म्हणून जन्मला. मग रडून, हट्ट करून त्याने आजोबांकडून एकेक पेटी मिळवली. चांदण्या सुटल्या, चंद्र सुटला. शेवटची पेटी घेऊन तो धूर जायच्या भोकातून निसटला, तेव्हा काजळीने काळा झाला. त्याआधी तो पांढरा होता.

तो पांढरा डोमकावळा काचेत समोर उभा आहे. पुढच्या दालनांत आवाज आणि पडद्यावरच्या चित्रांमधून चालत आपण त्याच्यामागे नदीकाठी, म्हाताऱ्याच्या घरात आणि शेवटी लख्ख उजेडात जातो. मी काही पाट्या वाचायच्याच विसरले, इतकी गोष्ट पुढे ओढत होती.

तुमची,
वसू

बोटीवरून, जून 2019

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

बेलिंगहॅमहून अलास्कातल्या जूनोला जाणाऱ्या फेरीबोटीवर आहे. दोन्हीकडे डोंगर थेट पाण्यात उतरलेत, जंगल इतकं दाट की किनाऱ्याची रेघ दिसत नाही.

फोनवर तुम्ही विचारलंत, "काच त्यांची नव्हे, मग ही कला त्यांची म्हणायची का?" मलाही हा प्रश्न टाळायचा नाही. त्लिंगितांची जुनी कामं लाकडाची, तांब्याची, झाडाच्या मुळांच्या विणीची आहेत. पण व्यापाऱ्यांकडून काचमणी आले तेव्हा यांनी ते कपड्यांवर जडवले. चिनी नाणी आली, ती चिलखतावर शिवली. बाहेरून आलेली वस्तू आपल्या कामात घेण्याची रीत इथे जुनी आहे.

सिंगलटरी यांची पद्धत सांगते, तुम्ही ड्रॉइंग शिकवलंय म्हणून. आधी एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाचा थर देऊन भांडं फुंकायचं आणि हळूहळू थंड करायचं. मग त्यावर नक्षी काढायची, जी रेघ ठेवायची ती चिकटपट्टीने झाकायची आणि उघड्या भागावर दाबाच्या हवेने वाळूचा मारा करायचा. वरचा थर झिजतो, खालचा रंग उघडा पडतो, झाकलेली रेघ उठून राहते. ही रेघच त्लिंगित शैलीचा कणा आहे. ती कुठे फुगते, कुठे निमुळती होते, पण शक्यतो तुटत नाही. डोळा, पंख, सांधा, सगळं तिच्याच जाळ्यात बसतं. लाकडावर तिचे नियम कडक होते, काचेवरही तितकेच कडक आहेत.

तुमची,
वसू

जूनो, जून 2019

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

इथे रात्री उशिरापर्यंत उजेड असतो. 2015 साली उघडलेल्या वॉल्टर सोबोलेफ नावाच्या इमारतीत जाऊन आले. आत सीडरच्या फळ्यांनी बांधलेलं कुळघर आहे आणि त्यात सिंगलटरी यांचा काचेचा मोठा पडदा. जुन्या कुळघरांत असा कोरीव लाकडी पडदा मागच्या बाजूला असे. पलीकडे कुळाच्या प्रमुखाची जागा आणि कुळाच्या मौल्यवान वस्तू.

इथे मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळली. त्लिंगितांमध्ये कुळ आईकडून चालतं, आणि कुळाची चिन्हं, गाणी आणि कथा ही त्या कुळाची मालमत्ता असते. परक्याने ती उचलून वापरायची नसते. प्रदर्शनात गोष्ट सांगणाऱ्या पोर्टर यांचं नाव आधी का होतं, ते इथे उमगलं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ठाम 'हो' असं आहे. ही त्लिंगित कलाच आहे, कारण रेघेचे नियम त्यांचे आहेत, कथा त्यांची आहे आणि ती कोणी सांगायची हेही तेच ठरवतात. तुमच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट जरूर सांगा. पण सांगताना ती त्लिंगितांची आहे आणि वॉल्टर पोर्टर ती सांगत, हे आधी सांगा.

तुमची,
वसू