तांबड्या ठिपक्याची साक्ष

दांत दुखूं लागला कीं मनुष्य घरभर सांगत सुटतो. गुडघे धरले तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही त्याची वार्ता लागते. दृष्टीच्या बाबतींत मात्र आपण चमत्कारिक मौन पाळतों. त्याचें कारण केवळ अभिमान नव्हे. मंद होत जाणाऱ्या दृष्टीला वेदना नसते. जें दिसतें तेंच जग, अशी प्रत्येकाची समजूत असते, आणि तें रोज थोडें थोडें पुसट झालें तरी तुलनेसाठीं कालचें जग हाताशीं नसतें. म्हणून डोळ्याचा दोष पुष्कळदा दुसऱ्याच वस्तूच्या नांवावर खपतो: छपाई वाईट, दिवा अंधुक, समोरच्या मोटारीचे दिवे वाजवीपेक्षां प्रखर. आमच्या घरीं तो बंदुकीच्या एका यंत्राच्या नांवावर दोन महिने जमा होता.

आमचे थोरले बंधू मुख्याध्यापकाच्या जागेवरून निवृत्त झाल्यापासून नंदुरबार जिल्ह्यांतील धानोरा येथें शेतीवर राहतात. त्यांचें वय ६८. शाळेंत असतांना एन्. सी. सी.च्या मुलांना नेमबाजी त्यांनींच शिकविली. आजही घरामागच्या मातीच्या उंच बांधापुढें कागदी लक्ष्य लावून छऱ्याच्या बंदुकीनें दहा मीटरांवरून रोज वीस नेम घेतल्याशिवाय त्यांचा चहा होत नाहीं. दादांची नजर म्हणजे आमच्या कुटुंबांतील एक दैवतच. तिच्याविषयीं शंका घेण्याचें कोणाला कधीं सुचलें नव्हतें.

गेल्या दिवाळींत लष्करांत असलेल्या त्यांच्या मुलानें त्यांना 'रेड डॉट साइट' भेट दिली. त्यामागें मुलाची मायाच होती. साध्या बंदुकीवर नेम धरतांना मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचें लक्ष्य या तीन गोष्टी एका रेषेंत आणाव्या लागतात. त्या तीन निरनिराळ्या अंतरांवर असल्यामुळें कोणाच्याही डोळ्यास एका वेळीं एकच स्पष्ट दिसते. तरुण डोळा एकीकडून दुसरीकडे झटकन वळतो. चाळिशीनंतर डोळ्यांतलें नैसर्गिक भिंग ताठर होत जातें आणि जवळची माशी धूसर होते. या नव्या साधनांत माशी नाहीं. आंत एक चिमुकला तांबडा दिवा असतो. त्याचे किरण एका वक्र कांचेवरून परतून समांतर होऊन डोळ्यांत शिरतात, आणि ठिपका जणूं दूरच्या लक्ष्यावरच टेकला आहे असें दिसतें. जवळचें पाहण्याची यातायातच उरत नाहीं. चाळिशीवर याहून सोयीचा तोडगा नाहीं.

परंतु दादांनीं त्यांतून पाहिलें मात्र, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हा ठिपका कसला? हा तर स्वल्पविराम! वर शेंडी आणि खालीं शेंपूट," असें म्हणून त्यांनीं तें यंत्र पेटींत घातलें. दुकानदारानें बिनतक्रार बदलून दिलें. दुसऱ्यांतही स्वल्पविरामच. आठ वर्षांचा नातू डोळा लावून म्हणाला, "आजोबा, गोल तर आहे!" तेव्हां मोठ्यांच्या बोलण्यांत तोंड घालतो म्हणून त्याच्या आईनें त्याला दटावलें. मुलानें हौसेनें दिलेली वस्तु फडताळांत पडली, आणि बापलेकांचें फोनवरचें बोलणेंही थोडें तुटक झालें.

येथें यंत्राचा अपराध नव्हता, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा सर्व बाजूंनीं सारखा गोल असला, तर बिंदूची प्रतिमा बिंदूच उमटते. तो एका दिशेनें अधिक वांकलेला असला, तर बिंदु ताणला जाऊन रेघ होतो. चष्मेवाले यालाच 'सिलिंडरचा नंबर' म्हणतात. इंग्लंडांत थॉमस यंग यानें १८०१ सालीं स्वतःच्या डोळ्यांतील हा दोष वर्णन केला. पुढें जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञास आपल्या डाव्या डोळ्यानें प्रकाशाचा बिंदु रेघेसारखा दिसतो असें आढळलें, आणि १८२५ सालीं त्यानें त्यावर दंडगोलाकृति भिंग करवून घेतलें. एका ताऱ्यानें फुटलेलें हें बिंग आहे.

तांबडा ठिपका हाही एक कृत्रिम ताराच होय. या युक्तीचा जनक डब्लिनचा हॉवर्ड ग्रब. त्यानें ती १९०० सालीं मांडली. ग्रबचें घराणें दुर्बिणी करणारें. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेंत १८८८ सालीं आलेली व प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनीं वापरलेली मोठी दुर्बीण त्याच कारखान्याची. वेधशाळा बंद झाल्यावर १९१२ सालीं ती कोडईकनालास गेली. विजेच्या दिव्याचा आजचा ठिपका १९७५ च्या सुमारास स्वीडनमधून बाजारांत आला. त्याचें माप कलांत देतात. आपल्या पंचांगांतलीच ही कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरांवर ती सुमारें २.९ सेंटिमीटर भरते. निरोगी डोळ्याची बारकावा ओळखण्याची शक्तिही साधारण एक कलाच असते. ठिपका सामान्यतः दोनतीन कलांचा. इतक्या सूक्ष्म वस्तूपुढें डोळ्याचा लहानसा दोषही लपत नाहीं.

मग हाच डोळा रोज वीस नेम कसे अचूक घेत होता? दादांच्या बंदुकीच्या मागच्या बाजूस बारीक भोंकाची चकती आहे. बारीक भोंकांतून पाहिलें म्हणजे किरणांची अगदीं निमुळती जुडीच डोळ्यांत शिरते आणि पडद्याच्या वांकड्या भागाचा उपद्रव कमी होतो. आंतरराष्ट्रीय रायफल-स्पर्धांतही असेंच भोंक असतें. विजेचा ठिपका तेथें चालत नाहीं. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिकला जगज्जेती झाली, राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनें २०२४ सालीं पॅरिसला ४५१.४ गुणांनीं कांस्यपदक मिळविलें, तें अशाच भोंकांतून पाहून. चष्म्यास मात्र तेथें आडकाठी नाहीं.

उलगडा केला वहिनींनीं. शास्त्र त्यांना ठाऊक नव्हतें, पण सुईंत दोरा ओवतांना डोळ्याशीं झगडण्याचा अनुभव होता. त्यांनीं यंत्र स्थिर ठेवून दादांना मान उजवीकडे कलवावयास सांगितली. "शेंपूट कोठें गेलें?" "तेंही कललें." "यंत्र तर जागचें हललें नाहीं; मग शेंपूट कोणाचें?" दादा गप्प झाले. नातवानें भ्रमणध्वनीनें त्याच कांचेंतून छायाचित्र काढून पुढें धरलें. त्यांत ठिपका वाटाण्यासारखा गोल होता. वहिनी मग हळूच म्हणाल्या, "बंदूक राहूं द्या. संध्याकाळीं नातीला क्लासाहून स्कूटरवर आणतां, तेव्हां समोरचे दिवे तुम्हांला कसे दिसतात?"

तो प्रश्न ऐकून आम्हां सर्वांच्या अंगावर कांटा आला. दिव्यांना लांब फांटे फुटतात, हें दादांनीं त्या दिवशीं प्रथम सांगितलें. सर्वांनाच तसें दिसत असेल, अशी त्यांची समजूत होती. नंदुरबारच्या नेत्रवैद्यांनीं तपासलें, तेव्हां दोन्ही डोळ्यांस सिलिंडरचा नंबर निघाला आणि उजव्यांत मोतीबिंदूची सुरुवात आढळली. चष्मा आला आणि ठिपका पुष्कळसा गोल झाला. उरलेली किंचित धूसर प्रभा मोतीबिंदूची. शस्त्रक्रियेचा विचार पुढें व्हावयाचा आहे. तोंवर रात्रीचें वाहन दादांनीं आपण होऊन सोडलें, आणि मुलाला फोन करून यंत्र उत्तम असल्याचें कळविलें.

ज्यांच्या घरीं बंदूक नाहीं त्यांनाही या कसोट्या करतां येतील. अंधारांत एखादा दूरचा बारीक दिवा एकेका डोळ्यानें पाहावा व मान कलवावी. फांटे मानेबरोबर फिरले तर दोष आपला. जाड कागदास सुईनें भोंक पाडून त्यांतून पाहावें. दिवा स्वच्छ दिसला तर बहुधा चष्म्यानें काम भागेल, न दिसला तर वैद्याकडे जाण्यास विलंब करूं नये. ठिपका पाहणारांनीं त्याचा उजेड आधीं कमी करावा, कारण अति प्रखर ठिपका निर्दोष डोळ्यासही फुटका भासतो. ज्यांना तांबडा रंग नीट ओळखतां येत नाहीं, त्यांच्यासाठीं हिरवा ठिपकाही मिळतो. आणि घरांतलें लहान मूल "मला तर गोल दिसतें" असें म्हणालें, तर त्याला दटावण्यापूर्वीं एकदां आपले डोळे तपासून घ्यावे.