सुपरचार्जरचा आवाज आणि माझी चूक

शाळा सुटल्यावर नववीतल्या एका मुलाने मोबाइलवर २००३ च्या फोर्ड मस्टँग कोब्राचा आवाज ऐकवला. "सर, ही गाडी अशी का किंचाळते?" मी भाषेचा मास्तर, तरी "इंजिनावर ताण येतो" असं ठोकून दिलं. त्याने विश्वासाने मान डोलावली. तेच मला रात्री टोचत राहिलं.

मग वाचलं. सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा हवेचा पंप. या गाडीत तो रूट्स प्रकारचा आहे. तीन-तीन पाकळ्यांच्या दोन फिरक्या हवा पुढे ढकलतात. पाकळीतली जागा पुढे उघडली की तिथली दाबाची हवा उलटी आत घुसते आणि एक धक्का बसतो. फिरक्या सेकंदाला २०० फेरे घेत असतील तर असे १२०० धक्के बसतात. कानाला ते सुटे कळत नाहीत, एक सूरच ऐकू येतो. वेग वाढला की सूर चढतो. गिअरच्या दात्यांचा आवाजही त्यात मिसळतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणालो, "बेटा, कल मैंने ग़लत बताया था." मुलं हसली नाहीत. "मला माहीत नाही" हे तीन शब्द आदल्या दिवशीच म्हणायला हवे होते.