माझे धोंडे कुठं गेले?

दुष्काळावरची माझी पहिली कथा एका दिवाळी अंकात आली, तिचं कौतुक झालं आणि तिथेच माझं नुकसान झालं. कुणी विचारलं नसतं तर लवकर शहाणा झालो असतो.

१९७२चा दुष्काळ मी पारनेर तालुक्यात, शाळकरी वयात पाहिला. आत्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, मी तिच्या मागे. कथेत मी तिला अशी बसवली: डोळ्यांत पाणी, हाताला फोड, पदराला भुकेलं पोर. फोड खरे होते. बाकी सगळं माझं. खरी आत्या मुकादमाला पुरून उरणारी बाई होती. ढिगाचं माप घेऊन मजुरी मिळायची, म्हणून ती आणि तिच्या जोडीच्या बाया ढिगाच्या पोटात धोंडे दडपायच्या, वरून बारीक खडी पसरायच्या आणि मुकादमाची पाठ वळली की पदर तोंडाला लावून हसायच्या. ते भुकेलं पोर, म्हणजे मी, कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या रांगेत दोनदा उभं राहायचं. मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची, भाकरी घशाखाली उतरत नसे हे खरं. पण दुष्काळ म्हटलं की मला आधी सुकडीची गोडी आठवते.

लिहिताना हे सगळं आठवत होतं. विसरलो असतो तर निदान सबब तरी होती. पण उपाशी बाई लबाडी करते आणि वर हसते, असं लिहिलं तर वाचक हळहळणार कसा? म्हणून धोंडे काढले, हसू काढलं, सुकडी काढली.

आतेबहिणीने अंक आत्याला वाचून दाखवला. पुढच्या खेपेला गेलो तर आत्याने विचारलं, "आरं, ही रडकी बाई कोण?"

"आत्या, तूच की."

"मंग माझे धोंडे कुठं गेले?"

ती रागावली नाही. पाऊसपाणी, पाहुणेरावळे, सगळं बोलायची. जुनं काही विचारलं की मात्र म्हणायची, "तू लिही तुझ्या मनानं." ती गेली तोवर मी बरंच काही माझ्या मनानं लिहिलं होतं.

दुसऱ्यांदा उलट घसरलो. चुलतभावाच्या बांधाच्या भांडणावर कथा लिहिली. गावाचं नाव बदललं, बांधावरची बाभळ तशीच ठेवली. भाऊबंदांना बाभूळ पुरेशी असते. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आमच्या घरी आली नाही. वाईट याचं, की ती कथाही बरी नव्हती. माझ्याच तालुक्यातल्या जवळ्याचे रंगनाथ पठारे संगमनेरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते आणि त्यांनी अवतीभवतीच्या राजकारणातून 'ताम्रपट' उभी केली. १९९९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी वाचताना हा अमका, तो तमका असं शोधावंसं वाटत नाही. सगळी व्यवस्थाच ओळखीची निघते. मी एक बाभूळ ओळखीची केली.

अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. ते आत्मकथन, माझी आत्यावरची ती कथा; तरी शिकण्यासारखं तिथेच होतं. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी लेखक दया पवारला सांगतो. लिहिणाऱ्यासमोर भोगणारा बसलेला, मग लिहिणारा पळणार कुठे? राहुरीला आणि नगरला राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त संसाराची ओढाताण आणि हसू एकाच पानावर नांदतात. ही दोन्ही पुस्तकं आत्याची कथा लिहिण्याआधीच माझ्या कपाटात होती, वाचूनही झाली होती.

आत्याच्या त्या कथेवर अजून अधूनमधून पत्रं येतात, बाईच्या सोसण्याने डोळे भरून आले म्हणून. उत्तरात मी धोंड्यांची हकिकत कळवतो. त्यावर बहुतेकांचं पुन्हा पत्र येत नाही.