जागलीची बॅटरी

आमच्या सावलीकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्या आतल्या बॅटरीला सेल. मीही इथं तेच शब्द वापरतो.

1982 साली, चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी, मी बारा वर्षांचा होतो. बाबांकडे पितळी नळीची तीन सेलची बॅटरी होती. धान कापून बांधीत पुंजने रचले की जागल सुरू व्हायची, कारण रात्री डुकरं पडत. बाबा जेवून, घोंगडी खांद्यावर टाकून निघत. आमचं घर गावाच्या कडेला. बाबा माळ्यावर चढले की घराकडे तोंड करून तीनदा उजेड मारत. तो दिसला की आई दाराला कडी लावायची.

त्या हिवाळ्यात सेल नळीतच फुगले. पांढरा खार सुटून ते आत चिकटले. बाबा बाजाराला गेले होते. आपण दुरुस्त करून ठेवावी म्हणून मी पक्कड घेतली, खिळा घेतला, वरून दगडानं ठोकलं. सेल निघाले नाहीत. नळी मात्र चेपली आणि मागचं झाकण कायमचं वाकडं झालं. बाबा रागावले नाहीत. “जाऊ दे गा, कंदील आहे ना,” एवढंच म्हणाले. पण कंदिलाचा उजेड माळ्यावरून घरापर्यंत पोचत नव्हता. नवी बॅटरी घ्यायला धान विकेपर्यंत थांबावं लागलं. तोवर आई रोज रात्री दारात बसून राहायची. मी गोधडीतून तिची पाठ बघायचो.

गेल्या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा हे सगळं पुन्हा समोर आलं. आता जागलीला धाकटा भाऊ जातो. डुकरांच्या जोडीला वाघाची धास्ती पूर्वीपेक्षा वाढली आहे. धुऱ्यावर पंजे उमटलेले दिसणं नवं राहिलेलं नाही. म्हणून पुण्याच्या भाच्यानं मामाला एक महागडी बॅटरी आणून दिली होती. अॅल्युमिनियमची, मुठीत मावणारी, पण उजेड नदीपलीकडे जाईल असा. ती दगडावर पडून पुढची काच तडकली होती. दव आत शिरत होतं. भाच्यानं नवी काच आणि रबराची कडी पाठवली होती, पण काचेभोवतालचं धातूचं कडं फिरेचना.

“दादा, हे बंद पडलं त मी रात्री का करू?” भावानं विचारलं आणि पक्कड उचलली. मी त्याचा हात धरला.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, आट्यांत गोंद आहे. आधी सेल काढा. सेल आत ठेवून ऊब दिली तर पेट घेईल.” हा गोंद मोठा मजेशीर. 1953 साली अमेरिकेत व्हर्नन क्रीबल नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकानं तो शोधला. हवा मिळते तोवर पातळ राहतो. धातूच्या आट्यांत हवा कोंडली की घट्ट होतो. हादऱ्यानं स्क्रू सुटू नयेत म्हणून तो लावतात. निळा असला तर हातच्या हत्यारानं निघतो, लाल असला तर त्याला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. आमच्यातला कोणता, हे बाहेरून कळणार कसं?

बसस्टँडजवळच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. पोरगा विशीतला. त्याच्याकडे गरम हवेची बंदूक होती. त्यानं बॅटरी उलटसुलट बघितली. “काका, घाई नोको करा. जास्त तापवलं त आतल्या दिव्याचं सोल्डर सुटते. मंग काच बसवून का फायदा?”

सेल काढून त्यानं लांब ठेवले. शेजारच्या सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबचे दोन पट्टे आणले. एक नळीला गुंडाळला, दुसरा कड्यासाठी ठेवला. रबरानं पकड बसते आणि ओरखडाही पडत नाही. मग कड्याभोवती गोल फिरवत थोडी थोडी हवा दिली, एका जागी थांबली नाही. मधूनच ओल्या बोटानं पाण्याचा थेंब टाकून बघायचा. थेंब चुरचुरला की थांबायचं, ट्यूब गुंडाळायची आणि दोघांनी दोन बाजूंनी, झटका न देता, दाब धरून ठेवायचा.

पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. भावाचे दात आवळले होते. पोरगा म्हणाला, “अजून एकदा. नाही निघालं त लाल गोंद आहे, मंग मी हात लावत नाही.” ही सोडून देण्याची तयारी मला फार आवडली. बाराव्या वर्षी मला ती नव्हती.

तिसऱ्यांदा कट् असा बारीक आवाज आला आणि कडं केसभर सरकलं. मग हातानंच फिरत गेलं. आट्यांत निळा भुगा होता. थंड झाल्यावर त्यानं जुन्या दातांच्या ब्रशनं तो झाडला, नखपॉलिश काढायच्या पाण्यानं आटे पुसले, आतला दमटपणा उन्हात वाळू दिला, नवी काच आणि रबराची कडी बसवली. गोंद पुन्हा लावला नाही. पन्नास रुपये मागितले. मी शंभर दिले, त्यानं पन्नास परत केले.

त्या रात्री भाऊ जागलीला गेला. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, तिला दूरचं नीट दिसत नाही. तरी ती दारातल्या खाटेवर बसून होती. माळ्याच्या बाजूनं उजेड आला. एक, दोन, तीन. इतका लख्ख की अंगणातला पिंपळ क्षणभर पांढरा झाला.

“पोचला गा,” आई म्हणाली, आणि उठून आत गेली. कडी मी लावली.