कुंपणावरचा अडुळसा

उलवे, नवी मुंबई
२० नोव्हेंबर

चि. ओंकारास,


अडुळशाच्या पाल्याची बरणी पोचली हे वाचून बरं वाटलं. "गच्चीवर एवढं ऊन, मग पाला सावलीत का वाळवतेस?" असं विचारलंस. सांगते, पण सुरुवात शेतापासून करावी लागेल.

हा अडुळसा औषध म्हणून लावलेला नव्हताच. जासईच्या आपल्या भातशेताला त्याचं कुंपण होतं. पान इतकं कडू, की शेळीसुद्धा तोंड लावत नाही. पुढे नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या लढ्यात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क मिळाला. शेत सुटलं त्या पावसाळ्यात तुझ्या आजोबांनी बांधावरची एक जून फांदी तोडून गावातल्या घरामागे खोचली. त्या हक्काचा उलव्याचा भूखंड मिळाल्यावर तिचीच फांदी इथे आली. म्हणजे शेत गेलं, कुंपण तेवढं आपल्याकडे राहिलं.

पहिल्या वर्षी मीही पाला उन्हातच टाकला. वरून करपला, रंग उडाला. आणि मधल्या शिरेत ओल तशीच. आठवड्यात बरणीला बुरशी! खाडीची हवा इथली. तेव्हापासून पाऊस सरला की सकाळी दव उतरल्यावर जून पानं खुडते, धुऊन फडक्याने टिपते आणि पडवीत जुन्या लुगड्यावर एकेरी पसरते. रोज परतायची. शीर कट्‌कन मोडली की वाळलं समजायचं. बरणीत भरल्यावर दोन दिवसांनी झाकण आतून दमट लागलं, तर पुन्हा बाहेर.

खोकला झाला तर तीन-चार पानं दोन कप पाण्यात निम्मं होईतो उकळ, गाळ, कोमट झाल्यावर मध घाल. तुमच्या जर्मनीत कफावर ब्रोमहेक्झिन मिळतं ना, ते याच पानातल्या व्हॅसिसिनवरून घडवलेलं आहे.

एक मात्र नीट ऐक. सूनबाईला दिवस गेलेत, तिला हा काढा चमचाभरही नको. अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावतं. तिच्या खोकल्याला डॉक्टरांनाच विचारा. बरणी वरच्या फळीवर ठेव.

बाळाला घेऊन याल तेव्हा जासईचा बांध दाखवता येणार नाही. परसातली फांदी दाखवीन.

तुझी,
आत्या