अंगणातील दोरी

आईच्या अंगणातील कपडे वाळत घालण्याची तार गंजली होती; साड्यांवर तांबूस डाग पडत. ती बदलावयास गेलो, तेव्हा खांबाशेजारी स्टूल दिसले. ओल्या फरशीवर, स्टुलावर चढून, मान मागे टाकून हात उंचावणारी ८२ वर्षांची आई! रुग्णांना पडण्याचे धोके समजावणाऱ्या मला हे कधी दिसलेच नव्हते.

“आई, हे काम आता सोड,” असे ओठांवर आले; पण ते तिचे हक्काचे काम होते. मी आकडे तिच्या खांद्याच्या उंचीवर बसवले, नायलॉनची दोरी ताणून बांधली आणि स्टूल घरी घेऊन आलो. उन्हाने नायलॉन कमकुवत होते, म्हणून दर पावसाळ्यानंतर दोरी व गाठी तपासतो.

साडी दुहेरी घालावी लागते, एवढीच आईची तक्रार.